तीन कलमांचे यंत्र

करारनामा लिहावयास बसलो म्हणजे विषयाचे तुकडे पाडावेत, ही आमच्या पेशाची जुनी खोड आहे. ज्याचे काम त्याच्या कलमात, ज्याचे दायित्व त्याच्या माथी, आणि दोन कलमांच्या मध्ये वीतभरही पडीक जमीन राहू नये, अशी मांडणी साधली की आम्हांला एक प्रकारचे सात्त्विक समाधान वाटते. आमच्या ग्रामदेवस्थानाच्या आरतीयंत्राचा करार आम्ही असाच लिहिला होता. त्यात मुख्य कलमे तीन होती आणि एकेकटी पाहिली तर ती तिन्ही निर्दोष होती, असे आम्ही आजही म्हणू. ज्या हाताला त्या यंत्राने इजा केली तो हात मात्र तिन्ही कलमांच्या बाहेर राहिला.

देवळात पहिले यंत्र आले ते आम्ही नुकती सनद घेतली होती त्या सुमारास. त्यापूर्वी सायंआरतीचा नगारा एक वाजंत्री वाजवीत. त्यांच्या घराण्याकडे ती सेवा किती पिढ्यांची, हे देवस्थानाच्या दप्तरातही धड सापडत नाही. गोव्यातील पुष्कळ देवळांचे जे झाले तेच आमचेही झाले. मुले शिकून पणजीला, मुंबईला, आखातात गेली. नगाऱ्याला हात मिळेना. तेव्हा एका महाजनांनी यंत्र देणगीदाखल दिले. एक मोटर, एक पट्टा, एक आडवा दांडा, आणि दांड्यावर उंचवटे असलेली चाके. चाक फिरे तसा उंचवटा टिपरीला उचले आणि सोडून देई. टिपरी नगाऱ्यावर पडे. घंटेचे आणि थाळाचेही तेच. त्या यंत्राला ताल ठाऊक नव्हता. ताल त्याच्या चाकांच्या आकारातच कोरलेला होता.

वृद्ध वाजंत्र्यांकडे देवस्थानाने यंत्राची देखभाल सोपवली. ज्याची जागा यंत्राने घेतली त्यालाच यंत्राचा सेवेकरी करावे, यात क्रौर्य आहे की कनवाळूपणा, याचा निर्णय आम्हांला अजून करता आलेला नाही. त्यांनी तक्रार केली नाही. एकदाच, आरती संपल्यावर सभामंडपाच्या खांबाशी उभे राहून ते आम्हांला म्हणाले, "वकीलबाब, ताका दोळे नात."

हे बोलणे आम्ही त्या वेळी म्हाताऱ्या माणसाचे हळहळणे म्हणून सोडून दिले. पुढे कळले की ते शुद्ध यंत्रशास्त्र होते. वाजवणारा माणूस भटजींच्या हाताकडे पाहतो. पंचारती देवाच्या पायांपासून मुखाकडे चढू लागली की लय किंचित आवरतो. कापूर विझू लागला की वाढवतो. भटजींना खोकला आला तर एक आवर्तन जास्त घेतो. आपण केलेले आपल्याच कानांनी ऐकतो आणि जे चुकले असेल ते पुढच्या ठोक्यात सावरतो. आमचे यंत्र यांतले काहीच करीत नसे. संध्याकाळी गावभर दिवे लागून विजेचा दाब उतरला की आरती घाट चढणाऱ्या बैलासारखी होई. दाब चढला की तीच आरती चोर पाठीस लागल्याप्रमाणे धावे. भटजींनीच यंत्राच्या लयीत ओवाळावयाचे, असा उलटा न्याय काही वर्षे चालला.

नवे यंत्र घ्यावयाचे ठरले ते या कारणाने. महाजनांच्या सभेत देवाला यंत्राचा नाद रुचतो की नाही यावर जी चर्चा झाली ती येथे देत नाही. जी सभा पहिल्या यंत्राच्या वेळी गप्प होती तिला दुसऱ्या वेळी शास्त्राधार आठवले, एवढे सांगणे पुरे. नवे यंत्र ऐकणारे होते. भटजींच्या हातघंटीचा नाद टिपण्यासाठी गर्भागाराच्या चौकटीपाशी एक लहानसा मायक्रोफोन बसवला होता. दोन टोल किती अंतराने पडले हे एक चिप मोजत असे आणि त्यावरून मोटरची गती ठरवीत असे. दांड्याच्या टोकाला खाचा पाडलेली एक चकती होती. खाचांमधून प्रकाश जाई आणि अडे, त्यावरून दांडा प्रत्यक्षात किती वेगाने फिरतो ते चिपला समजे. हवी ती गती आणि असलेली गती यांत अंतर पडले की आज्ञावली मोटरला तेवढे अधिकउणे देई. विजेचा दाब उतरला तरी आरती उतरत नसे. वाजंत्र्यांचे कान, हात आणि डोके ही तीन जणू तीन कारागिरांनी वेगवेगळी करून एका पेटीत बसवली होती.

या प्रकारच्या विद्येला मेकॅट्रॉनिक्स म्हणतात. तो शब्द १९६९ साली यास्कावा या जपानी कंपनीतील तेत्सुरो मोरी नावाच्या अभियंत्याने घडवला. यंत्रविद्येचे अर्धे नाव आणि इलेक्ट्रॉनिक्सचे अर्धे नाव यांचा तो संधी आहे. कंपनीने तो शब्द आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला होता, आणि पुढे तो हक्क सोडून देऊन जगाला मोकळा केला. वकिलाच्या दृष्टीने ही घटना दुर्मिळ असल्यामुळे आम्ही ती मुद्दाम नमूद करतो. पण त्या नावात एक गंमत आहे. त्यात भागीदार दोनच आहेत. तिसरा, म्हणजे आज्ञावली, नावात नाही. एका तबकडीवर मावणारा पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर, इंटेलचा ४००४, बाजारात आला १९७१ साली. तोही मुळात एका जपानी गणनयंत्रासाठी केलेला. त्यानंतर यंत्राच्या चाकांतला ताल हळूहळू चाकांतून निघून लिहिलेल्या आज्ञांत जाऊन बसला. ज्याचे नाव भागीदारीच्या पाटीवर नाही तोच पेढी चालवू लागावा, तसे हे झाले. आज मोटारगाडीचा ब्रेक, इमारतीची लिफ्ट, घरातले धुलाईयंत्र, कशाकडेही पाहावे, लोखंड हलताना दिसते आणि हलवणारा दिसत नाही.

आता आमचा करार. लोखंडी सांगाडा, टिपऱ्या, दांडा आणि सभोवारची जाळी करणारा कारखानदार हे कलम पहिले. मोटरचा पुरवठा, चकती, मायक्रोफोन, जाळीच्या दाराचा स्विच आणि सर्व जोडण्या करणारा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार हे कलम दुसरे. आज्ञावली लिहिणारा तरुण हे कलम तिसरे. तिघांना एकत्र बांधणारा ठेकेदार घेतला असता तर खर्च वाढला असता. देवस्थानाचा पैसा वाचावा म्हणून आम्ही तिघांशी परस्पर व्यवहार केला, आणि शेवटी आमच्या हाताने लिहिले की प्रत्येक पक्ष केवळ आपापल्या कलमापुरता जबाबदार राहील. वाक्य घोटीव होते. सभेत ते वाचून दाखवताना आमचा आवाज थोडा चढला होता, हेही आम्हांला आठवते.

तो सोमवार पालखीचा होता. झेंडूची एक माळ तुटून टिपरीच्या दांड्यात अडकली. तेवढ्यात वीज गेली. देवळातले दिवे इन्व्हर्टरवर होते, यंत्र नव्हते. वाजंत्र्यांनी जाळीचे दार उघडले आणि माळ सोडवण्यासाठी उजवा हात आत घातला. वीज आली. यंत्र जागे झाले, आणि जागे होताच त्याने पहिली गोष्ट केली ती ही की सगळ्या टिपऱ्या आपल्या मूळ जागी आणल्या. नगाऱ्याची लोखंडी कड आणि टिपरीचा दांडा यांच्यामध्ये त्यांची दोन बोटे सापडली. दोन्हींची हाडे मोडली.

इस्पितळात आम्ही त्यांच्या शेजारी बसलो होतो. काही बोलावे म्हणून आम्ही विचारले, दार उघडले की यंत्र थांबते हे आपल्याला सांगितले होते ना? ते म्हणाले, "करंट नाशिल्लो, वकीलबाब. म्हाका दिसलें, तें न्हिदलां."

दुसऱ्या दिवशी तिघांनाही देवळात बोलावले. त्या तिघांत खोटे बोलणारा एकही नव्हता, आणि आम्हांला सर्वांत जड गेले ते हेच. कारखानदार म्हणाला, जाळीला दार द्यावे असे कलम होते, ते दिले. टिपरी अर्धवट उचललेली राहिली तर दांड्यावर ताण येतो, म्हणून सुरू होताना तिला मूळ जागी आणावे अशी सूचनाही मी केली होती. जोडणी करणारा म्हणाला, दाराच्या स्विचचा संकेत चिपपर्यंत पोचवावा असे कलमात होते, तो पोचतो. ही पाहा तार. आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने आपला कागद उघडला. दार उघडे आहे की नाही हे तो प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी तपासत होता. पण टिपऱ्या मूळ जागी आणण्याचे काम आवर्तनाच्याही आधीचे. तेथे तपासणीची ओळ नव्हती. ती लिहावी असे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि देवळातली वीज आरतीच्या मध्येच जाते हे त्या शहरी मुलाच्या ध्यानात आले नव्हते.

मग बोलता बोलता जुन्या यंत्राची गोष्ट निघाली. त्याला पिठाच्या गिरणीवर असतो तसा हिरव्या आणि लाल बटनांचा स्टार्टर होता. त्या स्टार्टरच्या पोटात एक वेटोळे असते. वीज असेतो ते लोखंडाची पट्टी ओढून धरते, वीज गेली की सोडते, आणि वीज परत आली तरी कोणीतरी हिरवे बटन दाबल्याखेरीज मोटर फिरत नाही. म्हणजे वीज परतल्यावर आपण होऊन सुरू न होणे हा गुण जुन्या आंधळ्या यंत्रात होता, आणि तो कोणी मुद्दाम मागितलेला नव्हता. गिरणीच्या जुन्या सामानाबरोबर तो फुकट आला होता. नवे यंत्र बसवताना स्टार्टर काढून टाकला. आता सुरू करणे आणि थांबवणे आज्ञावलीच पाहील, मग तो डबा कशाला, असे सगळ्यांनाच वाटले. त्या 'सगळ्यांत' आम्हीही होतो.

त्या आठवड्यात आम्ही पक्षकारांची कामे बाजूला ठेवून या विषयावर जे मिळेल ते वाचले. वाचता वाचता थेरॅक-२५ या यंत्राची हकीकत हाती आली आणि आमची झोप उडाली. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे यंत्र कॅनडाच्या सरकारी मालकीच्या अणुशक्ती कंपनीने केले होते. त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सरळ रुग्णावर सोडता येई, किंवा कित्येक पटींनी प्रखर झोत धातूच्या लक्ष्यावर आदळवून क्ष-किरण निर्माण करता येत. कोणत्या वेळी झोतासमोर काय यावे ते एका फिरत्या बैठकीवर ठरे. प्रखर झोत सुरू असताना लक्ष्य जागेवर नसेल तर तो झोत थेट माणसावर पडे. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात मिळून सहा रुग्णांना अशी भयंकर मात्रा बसली. त्यांपैकी तिघांचा तिने बळी घेतला.

टेक्सासमधील टायलर गावच्या इस्पितळातील घटना अशी. यंत्र चालवणारी बाई कामात सरावलेली होती. तिने चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले, चूक लगेच ध्यानात आली, वर जाऊन अक्षर बदलले आणि खाली आली. यंत्रातील चुंबके बसवण्यास सुमारे आठ सेकंद लागत. तिचे बोट त्याहून चपळ होते. पडद्यावर नवे अक्षर दिसत होते; यंत्राच्या पोटात जुन्या आणि नव्याची भेसळ झाली होती. पडद्यावर उमटले, बिघाड क्रमांक ५४. त्याचा अर्थ चालवणाऱ्याच्या पुस्तिकेत दिलेला नव्हता. याकिमा गावच्या शेवटच्या अपघाताचे कारण तर ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. बैठक जागेवर आहे का हे तपासण्याची एक खूण होती. तिच्यात दर वेळी एक मिळवला जाई, आणि खूण शून्य असेल तर तपासणीची गरज नाही असे यंत्र समजे. त्या खुणेच्या घरात २५५ पर्यंतचेच आकडे मावत. २५६ व्या वेळी ती आपोआप शून्य होई. त्याच क्षणी बटन दाबले गेले तर तपासणी व्हावयाची नाही.

पण ज्या मजकुरावर आम्ही थांबलो तो हा नव्हे. याच कंपनीचे आधीचे यंत्र थेरॅक-२०. त्याच्या आज्ञावलीतही टायलरची ती चूक होती, हे मागाहून उघडकीस आले. तेथे मात्र कोणाला इजा झाली नाही, फक्त फ्यूज उडत. कारण त्या यंत्रात आज्ञावलीला न विचारता झोत तोडणारी स्वतंत्र विद्युत्-यांत्रिक अटकाव योजना होती. थेरॅक-२५ करताना ती काढली. तिचे काम आज्ञावलीकडे दिले. आणि १९८३ साली यंत्राच्या सुरक्षिततेचा जो अभ्यास झाला त्यात आज्ञावलीतल्या चुकांचा विचारच वगळलेला होता. हॅमिल्टनच्या अपघातानंतर कंपनीने बैठकीच्या एका लहान स्विचवर संशय घेतला, तो सुधारला आणि यंत्र आता पूर्वीपेक्षा अनेक पटींनी सुरक्षित झाल्याचे कळवले. लोखंडाचा दोष शोधणाऱ्यांना लोखंडात दोष सापडतो. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाचा जो साद्यंत वृत्तान्त प्रसिद्ध केला, तो वाचताना आम्हांला आमच्याच तीन कलमांचा कागद डोळ्यांपुढे दिसत होता. कुठे ते प्राणघातक यंत्र आणि कुठे आमचा नगारा! पण स्टार्टरचा डबा दोन्हीकडे एकाच समजुतीने निघाला होता.

आता दायित्व कोणाचे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे होणाऱ्या हानीचे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तू घडवताना राहिलेला दोषच नव्हे, तर रचनेतील दोष आणि वापराविषयी पुरेशी सूचना न देणे, हेही त्यात धरले आहे. उत्पादक कोण याची व्याख्या पाहू गेलो, तर तीत भाग करणारा तर आहेच, शिवाय दुसऱ्यांनी केलेले भाग एकत्र जोडणाराही आहे. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. तिघांचे भाग एकत्र जोडले कोणी? ठेकेदार नको म्हणून तो खर्च ज्याने वाचवला त्याने. न्यायालयात हा युक्तिवाद कुठवर टिकेल ते सांगता येत नाही, आणि आमच्याविरुद्ध उभा राहणारा वकील आम्ही असतो तर तो कसा मांडला असता हे आम्हांला चांगले ठाऊक आहे.

सभेत आम्ही उभे राहून सांगितले की करारातील शेवटचे वाक्य चुकीचे होते आणि ते आमचे होते. या बाबतीत देवस्थानाला सल्ला देण्यास आम्ही योग्य राहिलो नाही. वाजंत्र्यांनी स्वतंत्र वकील घ्यावा. एक महाजन म्हणाले, आपण हे बोलून देवस्थानाला अडचणीत आणता. ते खरेच होते. पुष्कळ बोलणे झाले. वाजंत्र्यांना दावा नको होता. तरी उपचाराचा सगळा खर्च आणि यंत्राला हात लावोत वा न लावोत त्यांचे मासिक मानधन देवस्थानाने हयातभर द्यावे, असे लेखी ठरले. ते लेखही दुसऱ्याच वकिलाने लिहिले. त्यात कलम एकच आहे.

यंत्राची दुरुस्ती होताना ते तिघे प्रथमच एकत्र बसले. याआधी प्रत्येक जण आपापल्या सोयीच्या दिवशी येऊन काम करून गेला होता. स्टार्टर परत आला. जाळीच्या दाराला नवे कुलूप बसले, त्याची चावी एकच. मोटरच्या पुरवठ्यातल्या कुलपात ती फिरवलेली असेल तरच मोटरला वीज मिळते. ती तेथून काढल्याखेरीज दार उघडत नाही, आणि दार लावून घेतल्याखेरीज ती दारातून निघत नाही. दार उघडे असेतो चावी दारात, आणि मोटर कोरडी. यात चिपला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. आज्ञावलीच्या तरुणाने सुरुवातीलाच तपासणीची ओळ लिहिली ती वेगळी. आता तिची गरज नाही, असे जोडणी करणारा म्हणाला. तरी असू दे, असे तो मुलगा म्हणाला.

चाचणीच्या दिवशी वाजंत्री आले. बोटे जुळली होती, मधले नीट वाकत नव्हते. मुलाने वीज तोडली आणि परत दिली. यंत्र हलले नाही. पुन्हा तेच, पुन्हा तेच. वाजंत्री हात पाठीमागे धरून उभे होते. मग ते पुढे झाले, डाव्या हाताने मोटरच्या कुलपातली चावी काढली, दार उघडले, आत वाकून पाहिले, दार लावले. चावी पुन्हा जागेवर घालण्याऐवजी त्यांनी ती मुठीत धरली. "ही म्हजे कडेन दवरतां," ते म्हणाले. आरतीच्या वेळी आपण येऊन लावू. सभेची परवानगी घ्यावी लागेल, असे कोणी म्हणाले नाही.

त्या संध्याकाळी भटजींनी घंटी हातात घेतली. वाजंत्र्यांनी चावी फिरवली, हिरवे बटन दाबले आणि खांबाला टेकून ऐकत राहिले. पंचारती वर चढू लागली, भटजींनी लय आवरली, यंत्रानेही आवरली.

"फाटीं उरता," ते म्हणाले. किती मागे, असे मुलाने विचारले. त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी खांबावर टिचकी मारून दाखवली, एक घंटीची, एक नगाऱ्याची. मुलाने खिशातून वही काढली.